विहिरीतले नायट्रेट आणि चिखलातले मित्र

जंतू म्हटला की आपणां डॉक्टरमंडळींच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या नायनाटाचा. आपले शिक्षण, आपली औषधे, हात धुण्याची आपली सवय, सारे त्याच दिशेने चालते. आणि ते योग्यही आहे. परंतु निसर्गातील बहुसंख्य सूक्ष्मजीवांना आपल्याशी काहीच देणेघेणे नसते. ते आपापल्या जागी आपापले काम करीत असतात आणि त्यांतील काही कामे अशी आहेत की ती थांबली तर आपल्यालाच धाप लागेल. अशाच एका कामाविषयी, म्हणजे भूजलातील नायट्रेट नाहीसे करणाऱ्या जिवाणूंविषयी, या लेखात लिहावयाचे आहे. विषय वरकरणी अभियंत्यांचा वाटेल. तथापि त्याची सुरुवात बालरोगशास्त्रात झाली आणि त्याचा एक धागा थेट आपल्या पेडणे तालुक्यातील चिखलापर्यंत येऊन पोहोचतो.

निळ्या बाळांची गोष्ट

अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. शेतावरच्या घरांतील तान्ही बाळे निळी पडत होती. हृदयात दोष नव्हता, फुप्फुसे ठीक होती, प्राणवायू देऊनही रंग सुधारत नव्हता. या बाळांचे वरचे दूध घरच्या विहिरीच्या पाण्यात तयार केले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते. पाणी बदलले की बाळ सुधारे. पुढे १९५१ साली अमेरिकेत अशा नोंदींचे संकलन झाले, तेव्हा २७८ बाळे आणि त्यांपैकी ३९ मृत्यू अशी संख्या भरली. लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनपेक्षा कमी असलेल्या पाण्याशी यांतील एकही नोंद जोडलेली नव्हती. आजची जगभरातील मानके याच निरीक्षणावर उभी आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि या मर्यादेत सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. नायट्रोजनच्या हिशेबात मोजले तर ४५ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅमच होतात. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना आकडा कोणत्या हिशेबातला आहे हे आधी पाहावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

बाळच का निळे पडते, याची कारणे वैद्यकीय वाचकांना परिचित आहेत. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नायट्रेट स्वतः फारसे घातक नाही. त्याचे नायट्राइट झाले म्हणजे ते रक्तातील हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि मेटहिमोग्लोबिन तयार होते. हे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. तान्ह्या बाळाच्या जठरात आम्लता कमी असल्यामुळे नायट्रेटचे नायट्राइट करणारे जंतू तेथे टिकतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन या बदलाला लवकर बळी पडते. झालेला बदल उलटवणारे विकर, सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज, पहिल्या काही महिन्यांत मोठ्या माणसाच्या जेमतेम निम्मे असते. शिवाय बाळ वजनाच्या मानाने आपल्या चार-पाचपट द्रव घेते. अशी ही चारही बाजूंनी कोंडी होते.

निदानाच्या खुणा प्रत्येक सर्वसाधारण व्यावसायिकाने लक्षात ठेवाव्यात. प्राणवायू देऊनही न सुधारणारा निळेपणा, सुमारे ८५ टक्क्यांवर अडून बसलेला पल्स ऑक्सिमीटर आणि हवेत ठेवूनही लाल न होणारा चॉकलेटी रंगाचा रक्ताचा थेंब. किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम मिथिलीन ब्ल्यू शिरेतून सावकाश दिल्यास रंग थोड्याच वेळात पालटू लागतो. मात्र जी-६-पीडी कमतरतेची शक्यता आधी विचारात घ्यावी लागते. डॅप्सोन, हिरड्यांना लावावयाची काही बधिरकारक मलमे आणि नुसता तीव्र अतिसार यांनीही हेच चित्र दिसू शकते. अतिसाराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कॉमलींच्या काळातील अनेक विहिरींत नायट्रेटच्या जोडीला मैलाजंतूही होते आणि दोष कोणाचा किती, यावर तज्ज्ञांत वाद झालेले आहेत. आपल्या दृष्टीने निष्कर्ष एकच: ज्या शोषखड्ड्यातून नायट्रेट येते त्यातूनच जंतूही येऊ शकतात, म्हणून दोहोंचीही तपासणी हवी.

हा प्रश्न परदेशापुरताच आहे असेही नाही. जयपूरच्या संशोधकांनी राजस्थानातील पाच गावांचा अभ्यास करून २००० साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात प्रसिद्ध केला. तेथील पाण्यात नायट्रेटचे सरासरी प्रमाण लिटरमागे २६ पासून ४५९ मिलिग्रॅमपर्यंत होते आणि मेटहिमोग्लोबिनची वाढ केवळ बाळांतच नव्हे, सर्व वयोगटांत आढळली. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के नमुने मर्यादेबाहेर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के असून वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव या जिल्ह्यांची नावे ठळकपणे येतात. त्याच अहवालात गोव्याचे नमुने मात्र मर्यादेच्या आत होते.

ही आनंदाची बातमी आहे. परंतु निरीक्षण विहिरी मोजक्या असतात आणि आपल्या अंगणातील विहीर त्यांत नसते. म्हणून नायट्रेट विहिरीत येते कसे आणि ते जाते कोठे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सूक्ष्मजीवांचा श्वास

विष्ठा, मूत्र, शेणखत, युरिया या साऱ्यांतील नायट्रोजन जमिनीत प्रथम अमोनियाच्या रूपात येतो. जेथे हवा खेळती असते तेथे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे काही त्याचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढून दाखविले. अमोनिया मातीच्या कणांना काहीसा चिकटून राहतो; नायट्रेट मात्र पाण्याबरोबर वाहत जाते. म्हणूनच ते भूजलाचा पाहुणा ठरते.

याच्या उलट दिशेचे काम करणारे जिवाणू गेयाँ व द्युप्ती या फ्रेंच संशोधकांनी १८८० च्या दशकात ओळखले. आपण श्वासासाठी प्राणवायू वापरतो. हे जिवाणूही तो मिळाला तर तोच वापरतात. मात्र प्राणवायू संपला की ते गुदमरून मरत नाहीत. नायट्रेटमधला प्राणवायू काढून त्यावर श्वास चालवितात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, अशा चार पायऱ्या होतात. हा वायू बुडबुड्यांनी वर येऊन, ज्यातून तो मूळचा आला त्या हवेत मिसळतो. या क्रियेला विनायट्रीकरण म्हणतात. स्युडोमोनास, पॅराकोकस, थायोबॅसिलस ही त्यांतील परिचित घराणी. स्युडोमोनासचे नाव वाचून वाचक दचकतील. जळिताच्या वॉर्डात आपल्याला छळणारे कूळ चिखलात सफाईचे काम करते, हे खरेच आहे.

या कामासाठी तीन गोष्टी लागतात. प्राणवायूचा अभाव हवा, खाण्यासाठी सेंद्रिय कर्ब हवा आणि थोडा अवधी हवा. चौथी अनुकूल गोष्ट म्हणजे ऊब. थंड देशांत हे काम हिवाळ्यात मंदावते, आपल्याकडे ती अडचण नाही. तीनपैकी एक जरी कमी पडली तर काम अर्धवट राहते आणि अर्धवट विनायट्रीकरण हे न केलेल्यापेक्षा वाईट ठरू शकते. कारण मधल्या पायरीवर थांबले तर पाण्यात नायट्राइट उरते, ज्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा केवळ ३ मिलिग्रॅम आहे. किंवा हवेत नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो पृथ्वीला तापविण्यात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे.

या जिवाणूंना कामाला लावणे

उकळणे, क्लोरीन, तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही. उलट एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर उरले तर ४५ मिलिग्रॅमचे प्रमाण ६० वर जाते. उकळलेले पाणी सर्वांत सुरक्षित, हा आपण मातांना दिलेला सल्ला जंतूंपुरता शंभर टक्के खरा आहे. नायट्रेटच्या बाबतीत तो लागू पडत नाही. रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा आयन विनिमय यांनी नायट्रेट निघते. परंतु ते नाहीसे होत नाही, टाकाऊ पाण्यात जमा होते. ते पाणी पुन्हा परसात सोडले तर फिरून विहिरीत येणारच. नायट्रेटचे निर्दोष वायूत रूपांतर करून ते कायमचे मिटवणारा स्वस्त मार्ग म्हणजे हे जिवाणू.

फ्रान्स आणि जर्मनीत १९८० च्या दशकात पिण्याच्या पाण्यासाठी असे प्रकल्प सुरू झाले. विहिरीचे पाणी जिवाणूंनी माखलेल्या खड्यांच्या थरातून नेतात, त्यांना खाद्य म्हणून मोजका अल्कोहोल किंवा शिरक्यातील आम्ल देतात, नंतर पाण्यात हवा खेळवितात, गाळतात आणि निर्जंतुक करतात. हे सारे अचूक मोजमापाचे काम आहे. खाद्य कमी पडले तर नायट्राइट उरते, जास्त झाले तर नळात इतर जंतू वाढतात. शहराच्या पाणीपुरवठ्याला हे पेलते. घरगुती विहिरीला नाही.

खेड्यांना उपयोगी पडेल असा मार्ग कॅनडातील ऑन्टॅरिओमध्ये रॉबर्टसन आणि चेरी यांनी दाखविला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत सेप्टिक टाकीच्या सांडपाण्याच्या वाटेतच लाकडाचा भुसा मिसळलेला थर जमिनीत घातला होता. भुसा हे खाद्य, पाण्याखाली राहिल्यामुळे प्राणवायू नाही, आणि जिवाणू तर मातीत होतेच. ते कोठून आणावे लागले नाहीत. न्यूझीलंडच्या वाइकाटो भागात १९९६ साली लुई शिपर यांनी भूजलाच्या प्रवाहाला आडवी अशीच भिंत घातली: ३५ मीटर लांब, दीड मीटर खोल, दीड मीटर रुंद, माती आणि भुशाची. चौदा वर्षांनंतर तपासली तेव्हाही ती बहुतांश नायट्रेट काढून टाकीत होती. ना वीज, ना पंप, ना कामगार.

तुयेचा चिखल आणि गोव्याचा समुद्र

आता घराजवळ येऊ. अशी भिंत निसर्गाने आपल्याकडे आधीच बांधून ठेवली आहे. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठची खारफुटी व खाजन जमिनी यांतील काळा चिखल म्हणजे प्राणवायूविना, कुजक्या पानांनी भरलेला, उबदार असा विनायट्रीकरणाचा कारखानाच होय. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेरिल फर्नांडिस, पी. ए. लोकभारती आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी शापोराकाठी तुये येथील व मांडवीतील दिवाडी बेटावरील खारफुटीचा चिखल तपासला. पूर्वीच्या निरीक्षणांत विनायट्रीकरण हा नायट्रोजन बाहेर पडण्याचा मोठा मार्ग दिसला होता. परंतु २०१२ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने वेगळी गोष्ट पुढे आणली. नाहीशा होणाऱ्या नायट्रेटपैकी ९९ टक्क्यांपर्यंत भाग दुसरेच जिवाणू पुन्हा अमोनियाच्या रूपात नेत होते. म्हणजे पाण्यातले नायट्रेट तर गेले, पण नायट्रोजन हवेत न जाता झाडांच्या मुळांशी शिल्लक राहिला. जेथे नायट्रोजनची चणचण आहे तेथे खारफुटी तो असा जपून वापरते.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घ्यावा. खारफुटी नायट्रेट अडविते हे खरे. परंतु ती अमर्याद गिळणारी मोरी आहे असे मानून तिच्यात वाटेल तेवढे सांडपाणी सोडावे, हा अर्थ त्यातून निघत नाही. आपल्या गरजेपुरते ती राखते, हा तिचा स्वभाव.

हाच खेळ समुद्रातही मोठ्या प्रमाणावर चालतो. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीतील प्राणवायूविरहित थर हे खुल्या महासागरांतील विनायट्रीकरणाच्या तीन प्रमुख प्रदेशांपैकी एक आहे. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली नेचर या नियतकालिकात दाखविले की पावसाळ्यात व त्यानंतर भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही प्राणवायू संपतो, जिवाणू नायट्रेट फस्त करतात आणि नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होतो. कांदोळीसमोरील समुद्रात ही संस्था १९९७ पासून नियमित नमुने घेत आली आहे. जमिनीवरून वाहून जाणारे खत आणि सांडपाणी या थरांना आणखी खाद्य पुरविते. आपण जे नायट्रेट किनाऱ्यावर मिटवत नाही, ते समुद्र आपल्या पद्धतीने मिटवितो, आणि त्याची किंमत मासळीला व हवेला मोजावी लागते.

हरमलच्या वाळूत

नदीकाठी चिखल आहे, पण हरमलच्या किनारपट्टीला वाळू आहे. येथेच प्रश्नाची मेख आहे. वाळूत हवा खेळती असते, म्हणून शोषखड्ड्यातील अमोनियाचे नायट्रेट झटपट होते. वाळूत सेंद्रिय कर्ब नगण्य, म्हणून ते मिटविणारे जिवाणू उपाशी राहतात. आणि वाळूतून पाणी वेगाने जाते, म्हणून अवधीही मिळत नाही. तिन्ही अटी एकदम मोडतात.

थोडा हिशेब मांडू. एक माणूस दिवसाला सुमारे १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो. त्या साऱ्याचे नायट्रेट झाले तर ते सुमारे ४४ ग्रॅम भरते. म्हणजे जवळपास हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे. वीस पाहुणे उतरलेल्या घराचा हिशेब दिवसाला वीस हजार लिटरांचा झाला. पूर्वी हरमल हे रापणकरांचे व शेतकऱ्यांचे विरळ वस्तीचे गाव होते, तेव्हा हा भार वाळूला आणि तीन हजार मिलिमीटरच्या पावसाला सहज पेलत असे. पर्यटनाचा हंगाम मात्र नेमका ऑक्टोबर ते मे, पाऊस नसताना आणि विहिरींचा उपसा सर्वाधिक असताना येतो. सेप्टिक टाकी आणि विहीर यांत पंधरा-वीस मीटरांचे अंतर राखावे असा संकेत आहे. हे अंतर जंतूंसाठी बेताचे पुरते. नायट्रेटला ते अडवू शकत नाही.

शेतीचाही विचार करावा लागेल. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. वायंगणी हंगामातील या पिकाची जमीन हलकी असते. युरिया एकदम ओतला तर पीक घेईल त्याहून अधिक विहिरीकडे जाईल. तोच थोडा थोडा, शेणखत वा कंपोस्टाच्या जोडीने दिला तर पीकही सुधारते आणि मातीत कर्ब राहिल्याने जिवाणूंनाही काम मिळते.

आपण काय करावे

पहिले काम आपले, वैद्यकीय व्यावसायिकांचे. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, हा सल्ला येथेही सर्वश्रेष्ठ ठरतो. आईने नायट्रेटयुक्त पाणी प्याले तरी ते दुधात फारसे उतरत नाही. ज्या बाळाला वरचे दूध देणे अटळ आहे, त्याच्या घरी पाणी नळाचे की विहिरीचे, हा प्रश्न आपल्या केसपेपरवर असावा. गोव्याला २०२२ साली हर घर जल प्रमाणित पहिले राज्य म्हणून घोषित केले गेले. तेव्हा बाळाच्या दुधासाठी नळाचेच, उकळून थंड केलेले पाणी वापरावे, असे स्पष्ट सांगता येते. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजूर कुटुंबांना आणि लहान बाळासह महिनोन्‌महिने राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांना हे सांगणारे सहसा कोणी नसते. ते काम आपणच करावयाचे आहे.

दुसरे काम विहीरमालकांचे. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पहिल्या जोरदार पावसानंतर, पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नायट्रेट व मैलाजंतू यांसाठी तपासून घ्यावे. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. स्वच्छ, गोड पाणी या आपल्या पारंपरिक परीक्षेत ते सहज उत्तीर्ण होते.

तिसरे काम पंचायत आणि आपल्या संघटनेसारख्या संस्थांचे. नवीन अतिथिगृहांच्या शोषखड्ड्यांभोवती भुशाचा थर घालून एक-दोन ठिकाणी प्रयोग करून पाहता येईल. आपल्याकडे नारळाची सोडणे मुबलक आहेत. ती सावकाश कुजतात, म्हणून या कामी किती उपयोगी पडतील हा जुने गोवे येथील किनारी कृषी संशोधन संस्थेला किंवा एखाद्या महाविद्यालयाला घालण्याजोगा प्रश्न आहे. अट एवढीच की थर पाण्याखाली राहिला पाहिजे, तो पिण्याच्या विहिरीला लागून असता कामा नये आणि खालच्या अंगाला नायट्रेट व नायट्राइट दोन्ही मोजले गेले पाहिजेत.

चौथे काम सर्वांचे, आणि माझ्या मते सर्वांत निकडीचे. ओल्या जमिनी भरावाखाली जाऊ देऊ नयेत. खारफुटी, खाजन, ओहोळाकाठचा दलदलीचा पट्टा ही रिकामी पडलेली जागा दिसते आणि भरावाचा टिपर तेथे प्रथम पोहोचतो. त्या चिखलात होणारे काम वर सांगितलेल्या भिंतीने करावयाचे म्हटले तर खोदाई, भुसा, देखरेख आणि दर काही वर्षांनी नवी भरती लागेल. एकदा भराव पडला, हवा शिरली, की तेथील जिवाणूंचा श्वास बदलतो आणि सफाई थांबते. मानशीचा दरवाजा नादुरुस्त झाला, बांध फुटला तर त्याची तक्रार करताना भातपिकाबरोबर गावाच्या पाण्याचाही उल्लेख व्हावा.

हरमलच्या विहिरी अजून वाचविण्यासारख्या आहेत. विदर्भात वा राजस्थानात आता जे प्रचंड खर्चाने करावे लागणार आहे, ते आपल्याला थोड्या खर्चात, वेळेवर करता येण्याजोगे आहे. येत्या मे महिन्यात आपल्या दवाखान्यात येणाऱ्या विहीरमालकांना पाण्याची बाटली तपासणीसाठी भरावयास सांगून सुरुवात करता येईल. अशा अहवालांची एक साधी वही आपल्या संघटनेने ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत याच विषयावर अंदाजाऐवजी आपल्या गावाचे आकडे छापता येतील.